बेनेडिक्ट अँडरसन: जकार्ताने हाकललं नसतं तर 'ते' पुस्तक झालं असतं का?

शिळाप्रेस

सीमाप्रश्नावरची चर्चा असो की एखादी रविवार पुरवणी, 'राष्ट्र म्हणजे कल्पित समुदाय' हे वाक्य हल्ली फोडणीतल्या मोहरीसारखं सगळीकडे तडतडतं. ज्याच्या 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' या पुस्तकातून ते आलं त्या बेनेडिक्ट अँडरसनचं मूळ काम मात्र वेगळंच होतं. कागदोपत्री कॉर्नेल विद्यापीठात राज्यशास्त्राचा प्राध्यापक, पिंडाने इतिहासकार, आणि जीव अडकलेला जावा बेटात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जन्म २६ ऑगस्ट १९३६, चीनमधल्या कुनमिंगला. वडील आयरिश, चीनच्या सागरी जकात खात्यात अधिकारी. सांभाळायला व्हिएतनामी आया, त्यामुळे तोंडातून पहिले शब्द व्हिएतनामी निघाले असं आई सांगायची. १९४१ साली कुटुंब आयर्लंडला जायला निघालं आणि युद्धामुळे अमेरिकेत अडकलं, घरी पोचलं १९४५ मध्ये. मग ईटन, केंब्रिजला ग्रीक-लॅटिन, आणि जानेवारी १९५८ पासून कॉर्नेल. डिसेंबर १९६१ ते एप्रिल १९६४ इंडोनेशियात क्षेत्रकाम, १९६७ साली डॉक्टरेट. १९७२ मध्ये तिथल्या लष्करशहा सुहार्तोच्या राजवटीने त्याला देशाबाहेर काढलं. ती बंदी उठली सुहार्तो पडल्यावर, १९९८ नंतर. आणि 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' आलं १९८३ मध्ये, म्हणजे बंदीच्या ऐन मध्यावर.

माझं म्हणणं असं: बंदी नसती तर हे पुस्तक झालंच नसतं. जावावरची आणखी दोन-तीन जाडजूड पुस्तकं झाली असती, तज्ज्ञांनी वाखाणली असती, आणि आपल्याकडे कुणाला नावही माहीत नसतं. पटतंय का?

अर्धाचहा

पहिला! खुर्ची टाकून बसलोय. जाणकार येऊ द्या.

तळटीप

प्रश्न चांगला आहे, पण सुरुवात १९७२ पासून करू नका. बंदीचं मूळ जानेवारी १९६६ मधलं आहे आणि ते नीट कळल्याशिवाय या माणसाची पद्धत कळत नाही.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर १९६५ च्या मधल्या रात्री जकार्तात ६ जनरल आणि १ लेफ्टनंट मारले गेले. सुहार्तोने सैन्याची सूत्रं घेतली, खापर कम्युनिस्ट पक्षावर फोडलं, आणि पुढच्या काही महिन्यांत किमान ५ लाख माणसं मारली गेली असा अंदाज सर्वसाधारणपणे मान्य आहे. कॉर्नेलमध्ये अँडरसन, रूथ मॅकव्हे आणि फ्रेडरिक बनेल या तिघांनी तेव्हाच एक विश्लेषण लिहायला घेतलं. १० जानेवारी १९६६ ला ते पूर्ण झालं. यालाच पुढे 'कॉर्नेल पेपर' म्हणायला लागले.

साहित्य काय होतं? रेडिओवरच्या घोषणांचे मजकूर, आणि जकार्तापासून लांब असलेल्या शहरांतली वर्तमानपत्रं. राजधानीतल्या पेपरांवर लष्कराचा हात लगेच पडला, लहान गावांतले पेपर काही आठवडे आपापलं छापत राहिले. त्या फटीतून जे दिसलं त्यावरून निष्कर्ष असा निघाला की उठाव हे लष्करातलं अंतर्गत प्रकरण, मध्य जावातल्या दिपोनेगोरो डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनी घडवलेलं. कम्युनिस्ट पक्ष सूत्रधार नव्हे.

नावाकडेही बघा. लष्कराने या प्रकाराला 'गेस्टापू' हे लघुरूप दिलं, हिटलरच्या गेस्टापोची आठवण यावी म्हणून. त्यासाठी 'सप्टेंबर तीस' असा उलटा शब्दक्रम घ्यावा लागला, जो इंडोनेशियन भाषेत सहज येत नाही. तिथे 'तीस सप्टेंबर' म्हणतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो 'गेस्टोक' म्हणत, म्हणजे १ ऑक्टोबरची चळवळ. कॉर्नेलच्या मसुद्याच्या शीर्षकातही तारीख १ ऑक्टोबरच आहे. शब्दाच्या क्रमावरून खोटं पकडायचं, ही ग्रीक-लॅटिन शिकलेल्या माणसाची सवय.

मसुदा गोपनीय ठेवायचा होता, इंडोनेशियातल्या मित्रांना धोका नको म्हणून. दोन महिन्यांत त्याची बातमी अमेरिकन पेपरात आली. शेवटी १९७१ साली तो रीतसर छापला, आणि पुढच्या वर्षी लेखक महाशय जकार्तातून बाहेर.

सांगोवांगी

म्हणजे पेपर बरोबर होता आणि लष्कर खोटं, असंच ना?

तळटीप

इतकं सरळ नाही. २००६ साली इतिहासकार जॉन रूसाचं या उठावावरचं पुस्तक आलं. त्याच्या हाती उठावातल्याच एका ब्रिगेडियर जनरलने, सुपार्जोने, मागून लिहिलेली चिकित्सा होती. त्यावरून पक्षाध्यक्ष ऐदित आणि पक्षाची 'स्पेशल ब्यूरो' नावाची गुप्त शाखा यांचा हात दिसतो. बाकी पक्षाला, अगदी मध्यवर्ती समितीतल्या बऱ्याच जणांनाही, पत्ता नव्हता. कॉर्नेलचे तिघं इथे चुकले, आणि का चुकले तेही उघड आहे: गुप्त शाखेचा माग वर्तमानपत्रात लागत नाही. पण लाखो सामान्य सभासदांना मारायला जे कारण दिलं गेलं ते खोटं होतं, हा भाग रूसानंतर उलट पक्का झाला.

कूपमंडूक

धागाकर्त्यांशी असहमत.

'इमॅजिन्ड कम्युनिटीज'चं पहिलं पान उघडा. तिथे जावा नाही, बंदी नाही. तिथे आहे व्हिएतनामची कंबोडियावरची स्वारी (डिसेंबर १९७८) आणि चीनचा व्हिएतनामवर हल्ला (फेब्रुवारी १९७९). तिन्ही देश समाजवादी, तिघांची क्रांती अस्सल, आणि लढतायत राष्ट्र म्हणून. मार्क्सच्या चौकटीत हे कुठेच बसेना. त्याआधी १९७७ साली टॉम नेर्न या डाव्या विचारवंताचं ब्रिटन फुटण्यावरचं पुस्तक आलं होतं. त्याच्याशी वाद घालायचाच होता. म्हणजे पुस्तकाला ठिणगी पडली ती युद्धांनी आणि डाव्यांच्या घरातल्या भांडणाने. बंदी नसती तरी १९७९ आलंच असतं.

अर्धाचहा

हा पेरी अँडरसनचा कोण? गांधी-नेहरूंवर तुटून पडणारा तो?

कूपमंडूक

थोरला भाऊ. बेनेडिक्ट थोरला, पेरी धाकटा. भारतावरची ती टीका धाकट्याची. शिव्या घालण्याआधी नावाचं आद्याक्षर तपासावं ही विनंती.

घटोत्कच

तुम्ही सगळे १९८३ वर तुटून पडलात, आणि मराठी वाचकाला खरी मेजवानी आहे ती १९६५ मधल्या एका छोट्या पुस्तिकेत. जावातल्या वायांगवर, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांच्या छायानाट्यावर ती आहे. आपलं चिपळ्या-ढोलकीचं कळसूत्री नव्हे. पडदा, दिवा, आणि एकच दालांग रात्रभर सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळे आवाज काढतो. कथा महाभारत-रामायणाच्या, पण आपल्या ओळखीच्या नाहीत.

काही नमुने. द्रौपदी तिकडे एकट्या युधिष्ठिराची बायको. श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी, पण तिथे ती पूर्ण स्त्री, धनुर्धारी, अर्जुनाची बायको. भीम सगळ्यांशी, देवांशीसुद्धा, 'न्गोको' म्हणजे अरेतुरेच्या जावानीजमध्ये बोलतो, आणि त्याबद्दल त्याचा मान कमी होत नाही. अर्जुन सडपातळ, नजर खाली, आवाज मऊ. आणि पांडवांचा सेवक सेमार: ढेरपोट्या, पादरा, विदूषक, पण मुळात देव. कृष्णालाही त्याच्यापुढे दबकून राहावं लागतं. (माझं नाव तिथे गातोतकाचा. उडता येतं. इकडे मेल्यावरच किंमत.)

अँडरसनचा मुद्दा असा की या दंतकथेत एकच आदर्श पुरुष नाही. भीमासारखा मुलगा जन्मला तर त्याला भीम म्हणून मान, अर्जुनासारखा असेल तर अर्जुन म्हणून. कर्ण आणि कुंभकर्ण शत्रुपक्षात असूनही आदराचे. सुभद्रेसारखी शांत बाई चालते, श्रीकांडीसारखी धडाडीचीही चालते. वेगवेगळ्या स्वभावांना समाजात तयार जागा आहेत, म्हणून सहिष्णुता. पुस्तिकेवर सालही १९६५ आहे आणि त्याच वर्षअखेरीस जावात गावोगाव कत्तली झाल्या. याहून क्रूर योगायोग संशोधकाच्या वाट्याला क्वचित येतो.

निळीशाई

घटोत्कच, सुरेख. त्याच वळणाचा १९७२ मधला सत्तेवरचा निबंधही घ्या: जावानीज विचारात सत्ता म्हणजे काय. त्यात चार गोष्टी आहेत. सत्ता ही मूर्त वस्तू आहे, संबंध नव्हे. ती एकजिनसी आहे. राजाची आणि मांत्रिकाची सत्ता एकाच जातीची. तिचं जगातलं एकूण प्रमाण ठरलेलं आहे, म्हणून एकाकडे वाढली की दुसऱ्याकडे घटणारच. आणि ती योग्य की अयोग्य हा प्रश्नच उठत नाही; ती असते, एवढंच.

तिसरा मुद्दा धरला की मग राजे उपास का करतात, सिद्धी का साठवतात, चमत्कारिक माणसं दरबारात का बाळगतात, हे सगळं तर्काला धरून दिसतं. यावर नंतर आक्षेप पुष्कळ आले. दरबारी ग्रंथांतून काढलेलं चित्र गावातल्या शेतकऱ्याला कसं लावायचं, हा त्यातला मुख्य.

बोरूबहाद्दर

तिसरा मुद्दा आपल्याकडच्या पक्षफुटींना तंतोतंत लागू पडतो. एकाकडे वाढली की दुसऱ्याकडे घटते, आणि योग्य-अयोग्य हा प्रश्नच नाही. :-)

संपादक मंडळ

चालू राजकारण या धाग्यावर नको.

निळीशाई

मूळ विषयाकडे येताना एक भाषेचं भांडण. 'कल्पित' हा शब्द घात करतो. मराठीत कल्पित म्हटलं की कादंबरी, 'काल्पनिक' म्हटलं की खोटं. मग वाक्य असं ऐकू येतं की राष्ट्र ही थाप आहे. अँडरसन नेमकं याच्या उलट सांगतो. अर्नेस्ट गेलनर या राष्ट्रवादाच्या अभ्यासकावर त्याचा आक्षेपच हा होता की गेलनर राष्ट्र 'घडवण्या'ला बनवाबनवीच्या पंगतीत बसवतो, जणू कुठेतरी खरे समुदाय आहेत आणि राष्ट्र तेवढं खोटं.

त्याची व्याख्या सुटी करून बघा. राष्ट्र हा राजकीय समुदाय. मनाने कल्पिलेला, कारण सगळ्यात छोट्या राष्ट्रातही सगळे एकमेकांना कधी भेटणार नाहीत, तरी प्रत्येकाच्या मनात सोबतीचं चित्र असतं. मर्यादित, कारण पलीकडे दुसरी राष्ट्रं आहेतच. सगळी मानवजात आपल्यात यावी असं स्वप्न राष्ट्र बघत नाही, धर्म बघतो. आणि सार्वभौम. मला 'मनोमय समुदाय' हा शब्द बरा वाटतो. निदान खोटेपणाचा वास येत नाही.

हेमाडपंती

'मनोमय' म्हणजे तैत्तिरीय उपनिषद झालं. अन्नमय, प्राणमय, मनोमय. वाचणारा ध्यानाला बसेल.

निळीशाई

बसू दे. थाप म्हणण्यापेक्षा बरं.

हेमाडपंती

आता माझा मुद्दा. छापखाना आला की राष्ट्र येतं, एवढंच लोक या पुस्तकातून उचलतात. आपल्याच भागात याची परीक्षा घेता येते. गोव्यात छापखाना आला १५५६ साली, भारतातला पहिला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. म्हणजे मराठी छापील पुस्तकाला चारशे वर्षं उलटून गेली. त्यातून काय निर्माण झालं? मराठी वाचकवर्ग नाही, पेपर नाही, मराठी राष्ट्रभावना तर नाहीच. सव्वादोनशे वर्षं थांबावं लागलं.

याचं उत्तर पुस्तकातच आहे, लोक अर्धा शब्द वाचतात. तो नुसतं 'मुद्रण' म्हणत नाही, 'मुद्रण-भांडवलशाही' म्हणतो. रायतूरचा छापखाना मिशनचा. प्रती धर्मकार्यापुरत्या, बाजार नाही, गिऱ्हाईक नाही, लिपी बहुसंख्यांना न येणारी. याउलट १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजी पंचांग शिळाप्रेसवर छापतो (धागाकर्त्यांना नमस्कार), ते विकायला. त्याच वर्षी मोल्सवर्थचा कोश येतो, म्हणजे प्रमाण शब्द कोणता ते ठरायला लागतं. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण'. १८८१ मध्ये 'केसरी'. बाजार, प्रमाणभाषा आणि ठरलेल्या दिवशी येणारा अंक, या तिन्ही गोष्टी जुळल्यावर मग कुठे सोलापूरचा वाचक रत्नागिरीच्या वाचकाला मनात धरू लागतो.

सांगोवांगी

आणि मोडी?

हेमाडपंती

बरोब्बर. हाताने लिहायला मोडी, छापायला बाळबोध. छापील मजकूर बाळबोधेत स्थिरावला आणि मोडी दफ्तरांत राहिली. आज शंभर वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक कुणीही वाचतो, पण पणजोबांचं खरेदीखत वाचायला माणूस शोधावा लागतो.

तळटीप

याचा जुळा भाऊ इंडोनेशियात सापडेल. १९७२ साली, म्हणजे अँडरसनला काढलं त्याच वर्षी, तिथे शुद्धलेखन बदललं. रोमन लिपीत 'च' साठी टीजे जाऊन नुसता सी आला, 'ज' साठी डीजे जाऊन जे, 'य' साठी जे जाऊन वाय. बदल वरवर किरकोळ. पण अँडरसनला तो फार खुपला. त्याच्या मते नव्या पिढीला जुनी छापील पानं परकी वाटू लागली, आणि सुहार्तो राजवटीला ते सोयीचंच होतं.

कुणाला यात काम करायचं असेल तर व्यवहारातली अडचण सांगतो. ग्रंथालयाच्या सूचीत १९७२ आधीचं काही शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाकावी लागतात. 'उ' साठी तर त्याहून जुना डच पद्धतीचा 'ओई'ही होता. तो सरकारीरीत्या १९४७ मध्येच गेला, पण माणसांच्या नावांत टिकला. एकच माणूस सूचीत तीन ठिकाणी सापडू शकतो.

बोरूबहाद्दर

हेमाडपंतींच्या प्रतिसादावर: छापखान्याआधी मराठी माणसाला मराठी माणूस दिसतच नव्हता, हे पटत नाही. वारीचं काय? आळंदी-देहूहून पंढरपूर, शेकडो दिंड्या, वेगवेगळ्या भागांतली बोली, आणि तोंडी तेच अभंग. न भेटलेल्या माणसाशी नातं तिथे आधीपासून आहे.

हेमाडपंती

आहे की. पण ते 'मर्यादित आणि सार्वभौम' आहे का? विठोबाच्या दारात हद्दीचा प्रश्न येत नाही. मंगळवेढा आपल्यात आणि विजापूर त्यांच्यात, असं अभंग म्हणत नाही. ते म्हणायला नकाशा लागतो.

तळटीप

दोघांनाही एक दुवा देतो. यात्रा ही कल्पना अँडरसनने स्वतःच वापरलीय, मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नरकडून घेऊन. पण त्याचे यात्रेकरू म्हणजे सरकारी नोकर. स्पॅनिश अमेरिकेत जन्मलेला गोरा अधिकारी मेक्सिकोत बढत्या घेत फिरतो, पण माद्रिदला किंवा चिलीला त्याची बदली होत नाही. त्या बंद वर्तुळात जे सोबती भेटतात ते सगळे त्याच्यासारखेच, 'इथे जन्मलो म्हणून अडकलेले'. बदलीचा नकाशा पुढे राष्ट्राचा नकाशा होतो. म्हणून अँडरसन म्हणतो की राष्ट्रवाद आधी युरोपात नव्हे, अमेरिका खंडांत उगवला. युरोपातल्या वाचकांनी या प्रकरणाकडे काणाडोळा केला, याचं त्याला वाईट वाटलं होतं. १९९१च्या आवृत्तीत त्याने तसं नोंदवलंय.

कूपमंडूक

१९९१ निघालंच आहे तर चुकांबद्दलही बोलू. हा माणूस स्वतःच्या चुका छापून मोकळा होत असे.

पहिल्या आवृत्तीत त्याने धरून चाललं होतं की आशिया-आफ्रिकेतल्या वसाहतींमधला सरकारी राष्ट्रवाद थेट युरोपच्या राजघराण्यांकडून आला. १९९१ मध्ये कबुली दिली की हे घाईचं होतं, मूळ शोधायला हवं वसाहती राज्ययंत्रणेच्या कल्पनाशक्तीत. म्हणून 'जनगणना, नकाशा, संग्रहालय' हे नवं प्रकरण. जनगणनेत प्रत्येक माणूस कुठल्यातरी एकाच रकान्यात बसलाच पाहिजे, अपूर्णांक चालत नाही. नकाशा शेजारच्या देशांपासून सुटा कापला की तो शिक्क्यासारखा होतो. पाकिटावर, पुस्तकावर, भिंतीवर कुठेही चिकटवता येतो. या भागात थोंगचाई विनिचाकुल या थाई इतिहासकाराचं ऋण त्याने खुलेपणाने मान्य केलंय.

दुसरा हल्ला आपल्याकडून झाला. पार्थ चॅटर्जींनी १९९३च्या पुस्तकात विचारलं की राष्ट्राचे साचे जर अमेरिका-युरोपात आधीच तयार झाले असतील तर आम्ही कल्पना करायची तरी कशाची? त्यांचं म्हणणं, वसाहतीतल्या राष्ट्रवादाने आधी घर, भाषा, धर्म, स्त्री हा आतला प्रांत आपला म्हणून राखला आणि मग बाहेरच्या राजकारणात उतरला. मराठी उदाहरणांवर, संमतिवयाच्या कायद्याच्या वेळचा वाद बघता, मला चॅटर्जी जास्त पटतात. पण 'साचा' या शब्दावर अँडरसनला त्यांनी जरा जास्तच घट्ट पकडलंय असंही वाटतं.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. पण नवख्याने वाचायचं कुठून? थेट १९८३?

निळीशाई

नको. आधी आत्मचरित्र, 'अ लाइफ बियाँड बाउंड्रीज'. पातळ आहे, भाषा सोपी, कारण ते जपानी तरुण वाचकांसाठी लिहिलं होतं. जपानी आवृत्ती २००९ मध्ये आली, इंग्रजी २०१६ मध्ये, तो गेल्यावर. मग 'इमॅजिन्ड कम्युनिटीज', पण १९९१ किंवा २००६ची आवृत्तीच घ्या. जुन्या पहिल्या आवृत्तीत जनगणना-नकाशाचं प्रकरण नाही आणि मग चर्चेत फजिती होते. वाचताना पहिली तीन प्रकरणं झाल्यावर सोडून देतात ते चुकतं. चौथं प्रकरण अमेरिकांचं आहे, सगळा वाद तिथे आहे. त्यानंतर जमलं तर 'अंडर थ्री फ्लॅग्ज' (२००५). त्यात फिलिपीन्सचा कादंबरीकार होसे रिसाल, युरोपातले अराजकवादी, क्युबाचा उठाव, सगळं १८८०-९० च्या दशकांत तारा आणि आगबोटींनी जोडलेलं. नावांची गर्दी फार. कागदावर तक्ता करत वाचा, नाहीतर चाळीस पानांत हरवाल.

घटोत्कच

त्या रिसालच्या कादंबरीसाठी तो स्पॅनिश शिकला, तेही कादंबरीच समोर धरून, कोश घेऊन, ओळ ओळ लावत. मग १९६१चा गाजलेला इंग्रजी अनुवाद मूळाशी ताडून बघितला आणि अनुवादात काय काय गळलं त्याची यादीच केली. मूळ स्पॅनिश मजकुरात मध्येच येणारे तागालोग शब्द गायब, कारण इंग्रजीत सगळंच सपाट. गल्ल्यांची, ठिकाणांची नावं पातळ केलेली. चावट विनोद धुतलेले. लेखक वाचकाशी थेट बोलतो ती वाक्यं काढलेली. मराठीत अनुवाद करणाऱ्यांनी ही यादी टेबलापुढे चिकटवावी.

शिळाप्रेस

पुन्हा माझ्या प्रश्नाकडे. कूपमंडूक म्हणतात ठिणगी १९७९ची. मान्य. पण ठिणगी पडायला गंजी लागते. बंदी आल्यावर तो १९७४ मध्ये बँकॉकला गेला, थाई शिकला, ऑक्टोबर १९७६ ची थम्मासात विद्यापीठातली कत्तल झाल्यावर त्यावर लिहिलं. थायलंड कधी वसाहत नव्हतं, इंडोनेशिया होतं. दोन देश शेजारी ठेवायची वेळ आली ती एक दार बंद झालं म्हणूनच ना?

तळटीप

हे मात्र बळकट आहे. आणि दार बंद झाल्याचा दुसरा परिणाम पद्धतीवर झाला: माणसं भेटेनात, तेव्हा कागद. कॉर्नेलच्या 'इंडोनेशिया' या नियतकालिकात, जे १९६६ पासून वर्षातून दोनदा निघतं, लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणुकांच्या याद्या छापल्या जायच्या. कोण कुठून कुठे गेला, कुठल्या तुकडीत घडला, कोण निवृत्त. लांबून बघणाऱ्याला राजवटीत काय शिजतंय हे भाषणांपेक्षा बदल्यांवरून लवकर कळतं.

एक कागद तर विसरता येणार नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये लष्करी पेपरांनी छापलं होतं की मारलेल्या जनरलांचे डोळे काढले, गुप्तांगं कापली. कत्तलींना या मजकुराने तेल घातलं. अँडरसनला एका हवाई दल अधिकाऱ्याच्या खटल्याच्या कागदांच्या छायाप्रतीत, परिशिष्टात, शवविच्छेदनाचे अहवाल सापडले. ५ डॉक्टरांच्या सह्या, त्यातले २ लष्कराचे, ३ विद्यापीठाचे. गोळ्यांच्या जखमा, मार लागल्याच्या आणि खोल विहिरीत टाकल्याने होतील अशा जखमा. डोळे काढल्याचं, काही कापल्याचं कुठेच नाही. १९८७ मध्ये त्याने ते अहवाल भाषांतर करून, थोडी प्रस्तावना जोडून छापले. सुहार्तोने ते शव तपासायला लावले होते, म्हणजे पेपर खोटं छापत होते त्याच दिवसांत सत्य त्याच्या टेबलावर होतं. या लेखाला सिद्धान्त नाही, अलंकार नाही. माझ्या मते हे त्याचं सगळ्यात मोठं काम.

घटोत्कच

पण शिळाप्रेस, एक पुरावा तुमच्या विरोधात जातो. १९६३ मध्ये, म्हणजे बंदीच्या नऊ वर्षं आधी, तो जकार्तात सुकार्नोचं भाषण ऐकत होता, शेजारी बसलेल्या एका परदेशी राजदूताला भाषांतर करून सांगत. सुकार्नोने राष्ट्रवादी नेत्यांची नावं घेताना त्यात हिटलरही घेतला, अगदी शांतपणे. अँडरसनला गरगरलं. युरोप त्याला पहिल्यांदाच दुर्बिणीच्या उलट्या टोकातून दिसला. दोन जागा एकदम दिसण्याच्या त्या अवस्थेला त्याने पुढे रिसालच्या कादंबरीतूनच नाव दिलं, तुलनेचं भूत. भूत तर आधीच मानगुटीवर बसलं होतं.

शिळाप्रेस

प्रसंग १९६३चा, पण लिहिला कधी? १९९८ मध्ये. पस्तीस वर्षांनी. माणूस मागे वळून बघतो तेव्हा सगळ्या वाटा एकाच गावाला जाताना दिसतात. मी १९६३ला साक्षीदार मानतो, निकाल नाही.

कूपमंडूक

ठीक. मीही अर्धं पाऊल मागे घेतो. १९७९ बंदीशिवायही आलं असतं, पण जावात बसलेल्या माणसाने त्यावर पुस्तक लिहिलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तिथे असता तर डिसेंबर १९७८ मध्ये कदाचित तुरुंगातून सुटणाऱ्या राजकीय कैद्यांना भेटत असता.

अर्धाचहा

शेवट काय झाला त्याचा? परत गेला का तिकडे?

तळटीप

गेला, आणि मार्च १९९९ मध्ये जकार्तात भाषण करून विरोधी पुढाऱ्यांनाच खडसावलं की १९६५ च्या मेलेल्यांबद्दल तुम्ही गप्प का. २००२ मध्ये निवृत्त झाला. नंतर बराच वेळ एका पुस्तकामागे घालवला. १९४७ साली पूर्व जावातल्या मलांगला 'चांबुक बेर्दुरी', म्हणजे काटेरी चाबूक, या टोपणनावाने छापलेलं, डच राजवटीची अखेर, जपानी ताबा आणि क्रांती यांवरचं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात त्याला ते साठच्या दशकात मिळालं होतं, लेखकाचा पत्ता कुणालाच नव्हता. शोधता शोधता नाव निघालं, क्वी थियाम चिंग, चिनी वंशाचा पत्रकार. २००४ मध्ये ते त्याच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापलं.

१० डिसेंबर २०१५ ला इंडोनेशिया विद्यापीठात अराजकवादावर व्याख्यान दिलं, मग पूर्व जावातली जुनी देवळं बघायला गेला, आणि १३ डिसेंबरला बातूच्या हॉटेलात झोपेतच गेला. वय ७९. बातू म्हणजे मलांगच्या अगदी शेजारी. रक्षा जावाच्या समुद्रात सोडली.

बोरूबहाद्दर

जाता जाता, गोऱ्या परदेशी माणसाला इंडोनेशियात 'बुले' म्हणतात, तो शब्द आपण १९६२-६३ च्या सुमारास मित्रांत रुजवला असा त्याचा आत्मचरित्रात दावा आहे. मूळ अर्थ, रंग उडालेलं जनावर. स्वतःकडे आरशात बघून सुचलं म्हणे.

हेमाडपंती

आणि त्याच आत्मचरित्राच्या जपानी नावात नारळाची करवंटी आहे. तिकडची म्हण, करवंटीखालचा बेडूक. त्याला वाटतं करवंटी हेच आभाळ.

कूपमंडूक

आमच्यावर रोख दिसतोय. आमची निदान विहीर आहे, वरून थोडं दिसतं तरी.